शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडं? वाचन आणि मोबाईल, दोन्हीचं शिक्षण इथूनच

कांदा लागवडीचे दिवस होते. रात्री साडेनऊच्या सुमारास गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रस्त्याच्या कडेनं बिबट्या चाललाय, गाडीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतायत आणि खाली लिहिलेलं, 'आपल्या शिवारात, ओढ्याजवळच्या वस्तीवर, आत्ता दहा मिनिटांपूर्वी.' मी शेतकरी आहे तसा बातमीदारही आहे. एक फोन करून खात्री करणं हे माझं कामच. पण त्या रात्री कुणाला काही न विचारता मी तो व्हिडिओ आणखी तीन ग्रुपवर टाकला. वर 'सर्वांनी काळजी घ्या' असंही लिहिलं. बातमीदारानं टाकलंय म्हटल्यावर लोकांचा आणखी विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी लागवडीला ठरलेल्या बारा बायांपैकी एकही आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उपटून ठेवलेली रोपं बांधावर पडून सुकली. माझं नुकसान झालं ते झालंच, पण त्या बायांची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

संध्याकाळी माझी पुतणी, आठवीत आहे, माझ्या मोबाईलवर तोच व्हिडिओ बघत होती. मध्येच थांबवून म्हणाली, "तात्या, ही मागची दुकानाची पाटी बघा ना. ही अक्षरं मराठी नाहीत. गोल गोल आहेत, कानडी नाहीतर तेलुगू असतील. आणि रस्त्याकडंला एवढी नारळाची झाडं? आपल्या ओढ्याला कुठं आहेत नारळ?"

मी गप्प झालो. तीच गोष्ट मी दहा वेळा बघितली होती, पण पाटी काही दिसली नव्हती. "हे कुठं शिकलीस गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लायब्ररीच्या तासाला."

तिच्या शाळेत पुस्तक परत करताना एक छोटी चिठ्ठी भरून द्यावी लागते. पुस्तक कुणी लिहिलं, कधी छापलं, त्यातली कोणती गोष्ट नवीन कळली आणि ती आणखी कुठं तपासून बघितली, एवढे चारच प्रश्न. वर्षभर हे प्रश्न लिहून लिहून मुलांच्या डोक्यात ते बसलेत. मग मोबाईलवर काही आलं तरी तेच प्रश्न आपोआप येतात. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत हे होऊ शकतं का, त्यासाठी काय लागतं, कायदा काय म्हणतो आणि पालक म्हणून आपण काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

कायद्यात ग्रंथालय आहेच

बऱ्याच पालकांना वाटतं की ग्रंथालय म्हणजे मोठ्या हायस्कूलची, कॉलेजची गोष्ट. तसं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. शाळेत काय काय असलंच पाहिजे याची ती यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, संरक्षक भिंत यांच्याबरोबर त्यात ग्रंथालयही आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची व गोष्टींची पुस्तकं असावीत असं तिथं सांगितलंय. म्हणजे वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेलासुद्धा हे लागू आहे.

पैशाचीही सोय आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला कमी, वरच्या वर्गांच्या शाळेला जास्त. रक्कम फार मोठी नाही. पण गोष्टींची पातळ पुस्तकं स्वस्त असतात, ५ हजारांत एका छोट्या शाळेचं वर्षभराचं वाचन निघू शकतं.

हे पैसे आले का, कोणती पुस्तकं घेतली, हे विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्यापैकी कितीतरी जण या समितीवर असतील. बैठकीत पोषण आहार, खोलीची गळती, शिक्षकांची बदली यावर बोलणं होतं. पुस्तकाचा विषय सहसा निघत नाही. तो काढायला हवा.

कपाटाला कुलूप का लागतं?

इथं शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपाल नावाचं पद नसतं. एखाद्या गुरुजींकडं किंवा बाईंकडं 'लायब्ररीचा चार्ज' असतो. वर्ग शिकवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, आहाराचा हिशेब ठेवायचा आणि वरून हे. प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढवलेलं असतं. बदली झाली की नव्या शिक्षकाला चार्ज देताना नोंदवहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं जुळावी लागतात. कमी भरली तर विचारणा आपल्याला होणार, ही भीती असते. पुस्तक मुलांच्या हातात दिलं की फाटणार, भिजणार, एखादं हरवणार. मग सगळ्यात सोपा उपाय कोणता? कपाटाला कुलूप. पुस्तकं नवीकोरी राहतात, नोंदवही जुळते आणि मुलं कोरडी राहतात.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन होतो. २०१५ पासून तो सुरू आहे. त्या दिवशी कपाट उघडतं, मुलं रांगेत बसून वाचतात, फोटो निघतो. मी स्वतः असे फोटो बातमीला लावलेत. पण दुसऱ्या दिवशी मी कधी शाळेत गेलो नाही, हेही खरं.

यावर उपाय अवघड नाही. वापरून फाटलेली, जीर्ण झालेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात. व्यवस्थापन समितीनं एकदा ठरवून ठराव लिहून घेतला की, 'मुलांनी वाचून खराब झालेल्या पुस्तकांबद्दल शिक्षकांना जबाबदार धरू नये, वर्षातून एकदा समितीसमोर मोजणी व्हावी', तर शिक्षकाचा जीव भांड्यात पडतो. गुरुजींना पाठिंबा दिला की कुलूप निघतं, हे मी दोन शाळांत पाहिलंय. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, असं आपणच म्हणायला शिकलं पाहिजे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, तरी आपल्याकडं अजून पुस्तकं जपण्यासाठीच असतात.

ग्रंथालय वाचायला शिकवतं म्हणजे काय करतं?

पाठ्यपुस्तक सगळ्या वर्गाला एकच असतं. ज्याला येतं त्याला ते सोपं, ज्याला येत नाही त्याला ते डोंगराएवढं. पाचवीतला एखादा मुलगा अजून अडखळत वाचत असेल, तर त्याला दुसरीच्या पातळीचं, मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पुस्तक लागतं. ते त्याला ग्रंथालयातच मिळू शकतं आणि तिथं ते घेताना कुणी हसतही नाही, कारण प्रत्येक जण वेगळंच पुस्तक घेत असतो. एक पातळ पुस्तक पुरं झालं की तो दुसरं मागतो. अशी दहा-पंधरा झाली की मग पाठ्यपुस्तकही हातात धरायला तो घाबरत नाही.

यासाठी वेगळी खोलीच पाहिजे असं काही नाही. वर्गात दोरी बांधून त्यावर पातळ पुस्तकं टांगली तरी चालतं. मुलांच्या हाताला लागतील, उघडी दिसतील एवढंच बघायचं. देवघेवीची वही सातवीतल्या दोन मुलांकडं द्यावी. मुलं हिशेबाला फार पक्की असतात, कुणाकडं कोणतं पुस्तक किती दिवसांपासून आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. आठवड्यातला एक तास ठरवून द्यावा. आणि पुस्तक घरी जाऊ द्यावं. आपल्याकडं कितीतरी घरांत पाठ्यपुस्तकाशिवाय एकही पुस्तक नाही. पोरानं आणलेलं गोष्टीचं पुस्तक आजी ऐकते, आई चुलीपुढं बसून ऐकते. घरात मोठ्यानं वाचणं सुरू होतं ते असं.

मोबाईलशी याचा काय संबंध?

काही जण म्हणतील, हे सगळं ठीक, पण पोरांच्या हातात आता मोबाईल आहे, पुस्तक कोण बघतंय? मोबाईल आहे हे खरंच. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल बघा. देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी काही ना काही केलं होतं, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया बघितला होता. चालवायचा कसा हे पोरं आपली आपण शिकली. त्यावर वागायचं कसं हे मात्र कुणीच शिकवलं नाही. आपल्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

आता ग्रंथालयातल्या सवयी आणि मोबाईलवरचं वागणं शेजारी शेजारी ठेवून बघा.

पुस्तक घेताना लेखकाचं नाव बघतो. मोबाईलवरचा मेसेज कुणी लिहिला हे तसंच बघायचं. नाव नसेल तर तो निनावी कागद समजायचा.

पुस्तक कधी छापलं ते बघतो. व्हिडिओ कधीचा आहे, कुठला आहे हे तसंच. पुराचे, अपघाताचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नवे म्हणून फिरतात.

एका पुस्तकातली गोष्ट दुसऱ्या पुस्तकात ताडून बघतो. मोबाईलवर आलेलं वर्तमानपत्रात आहे का, त्या खात्याकडून खरं करता येतं का, हे तसंच. बिबट्याचं म्हणाल तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. मी त्या रात्री तो लावला असता तर लागवड थांबली नसती. आपल्या भागात बिबट्या येतो, माणसांवर हल्ले झालेत, म्हणून तर खात्री करणं जास्त गरजेचं. चार वेळा खोटी हाळी दिली की पाचव्या वेळी खरी असली तरी कुणी ऐकत नाही.

पुस्तक आपलं नसतं, वापरून परत द्यायचं असतं. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचा नंबर हाही आपला नसतो. मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता पुढं पाठवायचा नाही, हे सातवीच्या मुलाला पुस्तकाच्या उदाहरणानं लगेच समजतं.

आणि पुस्तकातलं घेतलं तर 'अमक्या पुस्तकातून घेतलं' असं लिहायचं. प्रकल्पवहीत इंटरनेटवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवणं थांबतं ते इथं.

न विचारण्याची किंमत

माझी रोपं वाळली, तो फार छोटा प्रकार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं त्या संशयावरून मारून टाकलं. पाचही जण निर्दोष होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. पुढं आलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्काही त्याच महिन्यात दिसायला लागला.

कंपनीनं मर्यादा घातली, पण अंगठा आपलाच असतो. तो थांबवायची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

मुलामुलींवर काही ओढवलं तर

हा भाग पालकांनी नीट वाचावा. कुणी मुलीचा फोटो घेऊन धमकावतं, खोटं खातं उघडतं, फोटोत फेरफार करून फिरवतं. अशा वेळी मुलगी घरी सांगत नाही. कारण तिला माहीत असतं, आधी मोबाईल काढून घेतील, मग शाळा बंद करतील आणि पुढच्या वर्षी लग्नाचं बघतील. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा तिला. म्हणून ती गप्प राहते आणि धमकावणारा चढत जातो.

लायब्ररीचा तास घेणाऱ्या बाई किंवा गुरुजी इथं उपयोगी पडतात. तिथं मार्क नसतात, परीक्षा नसते, त्यामुळं पोरं मोकळी बोलतात. बोलता बोलता कुणीतरी 'माझ्या मैत्रिणीला असं झालंय' असं सांगतं. ती मैत्रीण बहुतेक वेळा सांगणारीच असते.

कायदा मुलांच्या बाजूनं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं अश्लील चित्र किंवा व्हिडिओ बनवणं, पाठवणं, डाउनलोड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कुणाचे खासगी फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. 'गंमत म्हणून ग्रुपवर टाकला' हे कारण तिथं चालत नाही. हेही मुलांना लायब्ररीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवता येतं.

तीन नंबर पाठ करून घ्या. मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८. ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर १९३०, आणि तोही लगेच लावायचा, जितका उशीर तितका पैसा पुढं सरकतो. पोलिसांची तातडीची मदत ११२. आणखी एक, धमकीचे मेसेज, नंबर, खात्याचं नाव पुसू नका, तो पुरावा असतो. पण तो फोटो 'बघा काय चाललंय' म्हणून कुणालाही पुढं पाठवू नका, नातेवाइकालासुद्धा नाही.

मोबाईलचाही लायब्ररीसारखा वापर

मोबाईल वाईट आणि पुस्तक चांगलं असं माझं म्हणणं नाही. मी कांद्याचा भाव, पावसाचा अंदाज मोबाईलवरच बघतो, ही बातमीही मोबाईलवरच लिहितोय. पुस्तकं कमी असतील तर मोबाईलनं ती भरून काढता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली चित्रांची गोष्टीची पुस्तकं आहेत, पातळीप्रमाणं लावलेली, पैसे न देता उतरवून घेता येतात. कुठल्याही विषयाची खात्री करायला मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे. शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही बसवलेला असेल तर मोठ्या पडद्यावर सगळा वर्ग मिळून एक गोष्ट वाचू शकतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. राज्यभर त्याची चर्चा झाली. पण असं काही आपल्या गावात करायचं तर त्या दीड तासात पोरांच्या हातात द्यायला काहीतरी पाहिजे. ते शाळेच्या कपाटातून घरी आलेलं असेल तरच भोंग्याचा उपयोग.

उद्यापासून काय करता येईल?

१. शाळेत जा आणि कपाट उघडं असतं का ते बघा. भांडायला जाऊ नका, विचारायला जा.

२. व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ग्रंथालय अनुदानाचा आणि फाटक्या पुस्तकांच्या ठरावाचा विषय ठेवायला सांगा.

३. आठवड्याला एक तास आणि घरी न्यायला एक पुस्तक, एवढं ठरवून घ्या.

४. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर शाळेशी त्याची जोड घालून द्या. महिन्याला पन्नास पुस्तकं शाळेत आणि पन्नास परत, असं करता येतं.

५. घरात पोरांना मोबाईल देताना आधी सांगा, काहीही झालं तरी तू आम्हाला सांग, आम्ही तुझी शाळा बंद करणार नाही. आणि तो शब्द पाळा.

६. पुढं पाठवण्याआधी आपणही ते चार प्रश्न विचारा. पोरं आपलंच बघून शिकतात.

बिबट्याच्या त्या व्हिडिओनंतर मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं की तो आपल्याकडचा नव्हता, चूक माझी झाली. व्हिडिओ पुढं गेला होता किती जणांकडं, देव जाणे. माझी दुरुस्ती किती जणांनी वाचली तेही माहीत नाही. पण लागवडीच्या बाया परत आल्या तेव्हा त्यातल्या एकीनं विचारलं, "तुमच्या पुतणीनं कसं ओळखलं वो?" मी तिला पाटीची गोष्ट सांगितली. तिची पोरगी दुसऱ्या शाळेत सहावीत आहे. ती म्हणाली, "आमच्या शाळेत पण हाय कपाट. कुलूप असतंय."

त्या आठवड्यात मी त्या शाळेत जाऊन आलो. किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात होती. तुमच्या शाळेतली कुठं आहे, एवढं एकदा जाऊन विचारा.